शेवटचा फोटो तिघांचा

प्रिय फोटोवाल्या,

मायन्यापाशीच अडले होते. तुला नावानं हाक मारायची सवय मला कधी नव्हतीच, आणि आता आपण वेगळे राहायला लागलो म्हणून ती नव्यानं लावून घेण्यात काही अर्थ नाही. तेव्हा, फोटोवाल्या, कसा आहेस? वेळेवर जेवतोस का? मी बरी आहे, म्हणजे कुणी विचारलं तर सांगण्यापुरती बरी आहे. शिवणाचं काम चालू आहे. शेजारच्या काकू अजून मापाला येताना पोट आत ओढून उभ्या राहतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडतात.

घराला रंग देतेय. रंगारी कामाला चोख आहे, पण तोंडाला विश्रांती नाही. बाथरूमच्या खिडकीवरचा तुझा काळा पुठ्ठा बघून त्यानं विचारलं, ताई, इथे कुणाला उजेडाचं वावडं आहे की काय? मी म्हटलं, होतं. मग फरशीवरचे तुझ्या फोटो धुवायच्या औषधाचे, त्या फिक्सरचे डाग त्यानं घासून घासून पाहिले. हात दुखायला लागले तरी गेले नाहीत. मला मनातून इतकं बरं वाटलं! याच डागांवरून मी तुझं किती डोकं खाल्लं होतं, ते त्या बिचाऱ्याला काय माहीत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर ताटकळत उभी, आणि आत लाल दिव्याखाली तुम्ही दोघं. स्टुलावर आपली खारू, हातात चिमटा, ट्रेमधल्या कागदावर डोळे लावून. नाक उमटलं, बाबा, नाक उमटलं, असं ती ओरडायची आणि मग तुम्ही खिदळायचात. लोकांच्या मुली रंगीत खेळण्यांसाठी हट्ट करतात, आपल्या पोरीला काळा-पांढरा फोटो लागायचा. तुझ्या रोलच्या रिकाम्या डब्या तिनं पळवायच्या आणि त्यांत काय काय भरून ठेवायचं. पडलेला दात, पेन्सिलीची सालं, बटणं. बटणं माझीच असायची. खारू हे नाव तिला त्यावरूनच तर पडलं.

आणि तो फोटो! आपल्या तिघांचा पहिलाच फोटो धुवायला घेतला होतात. बाहेर कुणीतरी आलं म्हणून मी हाक मारली आणि पोरगी इतकी शहाणी, की पायात चपला नीट घालाव्यात म्हणून तिनं मोठा दिवा लावला. ट्रेमधला कागद डोळ्यांदेखत काळाकुट्ट झाला. ती हमसून हमसून रडायला लागली. तो काळा कागद तू चांगल्या फोटोसारखा धुतलास, वाळवलास आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावलास. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं, ‘आम्ही तिघं, दिवे गेल्यावर’. तुझ्या मावशींनी चष्मा लावून तो किती वेळ न्याहाळला आणि छान आलाय म्हणाल्या. आपण तिघंही स्वयंपाकघरात पळालो होतो हसायला.

परवा रंगाऱ्यानं तीच फ्रेम खाली उतरवली आणि विचारलं, हा फोटो खराब झालाय, टाकून देऊ का? मी ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. तो वरमला. मग मीच त्याला चहा दिला.

माळा रिकामा करताना तुझ्या फोटो मोठे करायच्या यंत्राच्या, एन्लार्जरच्या मागे चादरीत गुंडाळलेला कॅमेरा सापडला. मी समजत होते, तू तो घेऊन गेलास. तू खारूला शिकवलं होतंस ना, आत रोल आहे का ते कॅमेरा न उघडता कसं ओळखायचं? ती कडेची चकती हलकेच फिरवायची. सहज फिरली तर कॅमेरा रिकामा, अडली तर रोल आहे. मी फिरवली. ती अडली. मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

तो तिचा रोल आहे. वाढदिवसाला तू पहिल्यांदाच अख्खा रोल तिच्या हवाली केला होतास, तोच. कशाकशाचे फोटो काढले ते तिनं कुणाला म्हणून सांगितलं नाही. ट्रेमध्ये उमटेल तेव्हा बघा, असं म्हणायची, अगदी तुझ्या आवाजात. फक्त एक फोटो शिल्लक होता, कारण घरचा नियमच तसा होता आणि तो तिनंच केला होता. बाबा कुठल्याच फोटोत नसतो, म्हणून प्रत्येक रोलमधला शेवटचा फोटो तिघांचा. कॅमेरा फ्रिजवर ठेवायचा, बटण दाबून तू धावत यायचं आणि आम्ही दोघींनी तुला ओढून घ्यायचं. प्रत्येक फोटोत तू हललेला. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी म्हटलं, चल, आत्ता काढू. तर म्हणाली, आई, केस बघ माझे, बरी झाले की काढू. साधा ताप होता रे. दवाखान्यात नेलं तेव्हाही सगळे साधाच ताप म्हणत होते.

तिला जाऊन तिसरं वर्ष लागलं. ती गेल्यावर तू बाथरूमचा दरवाजा लावून अंधारात बसायचास. आत पाण्याचा आवाज नाही, काही नाही. मी बाहेर उभी असायचे, पूर्वीसारखीच, फक्त दार वाजवायचा धीर होत नव्हता. मग तू कामाजवळ खोली घेतलीस. आपण भांडलोसुद्धा नाही. कडकडून भांडलो असतो तर निदान समेट तरी करता आला असता. कॅमेऱ्यात रोल आहे हे तुला ठाऊक होतं आणि म्हणूनच तो तू मागे ठेवून गेलास, हेही मला कळतं. माझा राग नाही.

कॅमेरा घेऊन मी कोपऱ्यावरच्या फोटोच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, उरलेल्या एका फोटोवर पाणी सोडा, रोल बाहेर पाठवतो, आठवड्यात येईल. पण त्यानं हेही सांगितलं, की असा रोल वाट बघत बसत नाही. वर्षं जातात तसं आतलं पुसट होत जातं, त्यातून माळ्यावरची उष्णता. कदाचित काहीच उरलं नसेल. त्यानं हात पुढे केला आणि मी कॅमेरा छातीशी धरून घरी आले. तिच्या डोळ्यांनी तिनं काय पाहिलं, ते अनोळखी माणसानं आधी बघायचं? त्यात ती स्वतः कुठेच नसणार, मला माहीत आहे. आपण असू, माझी बटणं असतील. तरी मला ते हवंय. ते मिळालं नाही तर ती माझ्या हातून दुसऱ्यांदा जाईल असं वाटतं.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी रडले असते आणि तू गप्प बसला असतास. परत राहायला ये असं मी म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण म्हणत नाही. रविवारी सकाळी फक्त ये. खिडकीचा पुठ्ठा मी काढू दिलेला नाही. कॅमेरा फ्रिजवर ठेवला आहे, तू लावायचास तसाच, खाली जुनी वही सरकवून. उरलेला फोटो काढू. मी माझ्या जागेवर उभी राहीन, तू बटण दाबून धावत ये आणि मध्ये तिची जागा सोडून उभा राहा. मग तिचा रोल आपण धुऊ. या वेळी मी बाहेर थांबणार नाही, मलाही आत घे. काहीच उमटलं नाही तरी घाबरू नकोस. त्या काळ्या फोटोच्या शेजारी मी भिंतीवर एका फ्रेमची जागा ठेवायला सांगितली आहे.

तुझीच,
बाथरूमबाहेर ताटकळलेली