यार्मूकचा पूल मोकळा केल्याबाबत

मी, हेमचंद्र दिगंबर प्रधान, वय त्रेसष्ट, जहाजावरचा निवृत्त चीफ इंजिनिअर, राहणार यिशुन, सिंगापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या बावीस तारखेला माझी बायपास आहे. हृदय बिघडलं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे, आणि मृत्युपत्राला कायद्याने डोकंच लागतं. आधीचा मसुदा रद्द समजावा. का, ते कलम चारमध्ये येईल.

१. फ्लॅट माझ्या व पत्नी जयवंतीच्या नावे असल्याने तो तिचाच होईल. सीपीएफचं, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाचं, नॉमिनेशन वेगळं केलं आहे. बँकेतली शिल्लकही तिला. त्यावर कुणी तिला सल्ला देऊ नये; चाळीस वर्षं मी दिला, तिने ऐकला नाही, म्हणून शिल्लक राहिली.

२. माझे पाने, व्हर्नियर आणि पेटीतली सगळी हत्यारं मुलगा दीपेश याला. हा तांजोंग पगारला बँकेत बसतो आणि नळ गळला की म्हणतो, "पप्पा, जस्ट कॉल द प्लंबर लाह!" म्हणून त्यालाच. मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच.

३. बोल्ट मोजून आवळायचा माझा टॉर्क रेंच १९८१ पासून जहाजावरचा जुना सोबती प्रताप याच्याकडे आहे. तो त्याने ठेवावा. मात्र माझ्या तेराव्याला येऊन "माझाच होता" असं म्हणू नये.

४. आता यार्मूक. इ.स. ६३६ साली सीरियाकडच्या यार्मूक नदीकाठी मुसलमान अरब आणि ख्रिस्ती बायझंटाइन सैन्यांत सहा दिवस लढाई झाली. माझा कॉलेजातला मित्र प्रकाश, इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, विधुर, राहणार पुणे, आणि मी ती १९७१ पासून पत्रांनी पुन्हा लढतो आहोत. दोघांकडे सारखेच चौकटींचे नकाशे, एका पत्रात एक चाल. नाणेफेकीत मला अरब आले, त्याला बायझंटाइन. पहिले पाच दिवस लढायला आम्हाला चोवीस वर्षं लागली.

गुप्त चालीचा नियम असा: ती तारीख घालून आधी लिहायची, पाकिटात बंद करून स्वतःच्याच खणात ठेवायची आणि वेळ आली की पाठवायची. सगळा मामला विश्वासाचा. बायझंटाइनांच्या पाठीशी खोल दरी, माघारीला एक पूल. अरब घोडदळाने तो आधीच रोखला, असं इतिहासात सांगतात. मी ती गुप्त चाल लिहायलाच विसरलो! मार्च १९९६ मध्ये प्रकाशचं सैन्य पुलाकडे निघालं, तेव्हा मी घाईने कागद लिहिला, तारीख घातली जानेवारी १९९५ आणि पाठवून दिला. लबाडी, शुद्ध लबाडी. तो एक शब्द बोलला नाही. दोन वर्षं आपलं हरलेलं सैन्य दरीच्या काठाकाठाने हलवत राहिला. त्याचं पत्र आलं की मी ते दोन-दोन दिवस फोडायचो नाही.

पहिल्या मसुद्यात मी ही कबुली लिहिली होती, माझ्यामागे प्रकाशला कळवावी म्हणून. जयवंतीने ती वाचली.

"अहो, तुम्ही गेल्यावर त्याने शिव्या कुणाला द्यायच्या? मला? उचला फोन."

रविवारी उचलला. एका दमात सगळं सांगून टाकलं. आता कॉलेजपासूनची मैत्री तुटते, अशी भीती होती. आणि हा गडी हसायला लागला!

"अरे हेम्या, त्या कागदावर तुझा पत्ता होता. पोस्टल कोड सहा आकडी. सहा आकडे तुमच्याकडे पंचाण्णवच्या सप्टेंबरात आले, तूच कळवलं होतंस. जानेवारीत कुठून आणलेस?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर डाव मोडला असता. स्मिता गेल्यापासून पोस्टमन माझ्याकडे बिलं आणतो, नाहीतर तुझी चाल. बिलांशी काय बोलू?"

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

५. सबब, ती गुप्त चाल रद्द. अरब घोडदळ मागे घेतलं आहे, पूल मोकळा आहे, बायझंटाइनांनी खुशाल पलीकडे जावं. माझ्या पश्चात नकाशा, सोंगट्या आणि सगळी पत्रं प्रकाशला द्यावीत. हे कलम मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याची हरकत जशीच्या तशी नोंदवतो: "नकाशा माझ्याकडे आहे. मला बावीस तारखेनंतरची चाल हवी. उशीर झाला तरी चालेल."

हेमचंद्र दिगंबर प्रधान (सही)

वरील सही त्यांनी आम्हा दोघांदेखत केली, आम्हीही त्यांच्यादेखत केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार: विश्वास रेगे, सेरंगून (सही)
दिलीप मोकाशी, यिशुन (सही)

सिंगापूर, ९ मे १९९८