न उलटलेलं पान

बाई, ते पान पुस्तकात नाही. काल संध्याकाळपासून मी सुन्न आहे. देवापुढं दिवा लावला आणि शुभंकरोति अर्ध्यावरच विसरले, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं उलटली, आता पत्र धाडायचं तरी कुठं? तरीही लिहिते आहे, हिशेबाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. हे घरात कोणाशी बोलण्यासारखं नाही, आणि त्यासाठी नवा कागद आणायचा तर माझ्या जिवावर येतं.

अमरावतीच्या आमच्या शाळेत तुम्ही इतिहास सनावळ्यांनी कधी शिकवलाच नाही. एक चरित्र घ्यायचं, तुम्ही वाचायचं, आणि मग आम्ही भांडायचं, हा माणूस बरोबर वागला की चुकला. कोणी तोंड उघडलं की तुमचा एकच सवाल, "पान कोणतं?" सांगता आलं नाही की खाली बसायचं. मी पहिल्यांदा चरित्र घरी नेलं ते पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि आंघोळ करून सोवळ्यात त्याचं पारायण केलं. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पोथी, दुसरं कोणी पाहिलं होतं? परत दिलं तेव्हा कव्हरावरचा कुंकवाचा डाग पाहून तुम्ही भर वर्गात म्हणालात, "अगं, पोथीपुढं हात जोडतात. चरित्राच्या ओळीवर बोट ठेवायचं असतं." मुली हसल्या, मी रडले. पण बोट ठेवायला शिकले.

मग तो दिवस. तुम्ही घरून आणलेलं तुमचं स्वतःचं जाड पुस्तक, पुण्याकडच्या एका थोर सुधारकाचं. "आज यांच्या बायकोबद्दल वाचू," तुम्ही म्हणालात. ती सून आहे, सासरी तिला शिकायची बंदी आहे. ती पाय पसरून बसते, लेकराला पायांवर घेऊन थोपटते आणि अंगाईच्या चालीवर भूगोल घोकते. वर्धा, पूर्णा, पेढी, चंद्रभागा. माजघरातल्या बायांना वाटतं, सून लेकराला निजवते आहे. परीक्षेच्या तोंडावर ते लेकरू तापानं जातं. आणि ती परीक्षेला जाते. इथं घंटा झाली. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि त्या दिवशी कोणालाच काही विचारलं नाहीत. पान विचारणाऱ्या बाईंना पान विचारायची आमची काय छाती!

माझं शिक्षण अर्धवट सुटलं, लग्न होऊन मी अकोल्याला आले, मुलगी झाली. मॅट्रिकला बसायचं मनात होतं. एक दिवस धीर करून सासूबाईंना ती गोष्ट सांगितली. लेकरू गेल्याचं तेवढं गाळलं, घरात तान्हं मूल असताना तसलं कशाला तोंडातून काढायचं म्हणून. त्या ज्वारी पाखडत होत्या, सूप थांबवून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मानसाच्या बायकोनं केलं, मंग तुह्यानं काहून नाही होत?" मग मीही पोरीला पायांवर घेऊन नद्या म्हटल्या. पास झाले तेव्हा पेढे घेऊन अमरावतीला तुमच्या खोलीवर आले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई तं गेल्या ना, माय." पेढे तिच्याच मुलांना वाटून पुढच्या गाडीनं परतले.

आता त्या पोरीनंच मॅट्रिक दिली आहे. तिला अमरावतीला कॉलेजात जाऊन इतिहास घ्यायचा आहे. घरात परतवाड्याचं स्थळ आलं आहे, दुकानवाले, चांगले लोक. मी ह्यांना म्हटलं, तेवढ्या थोर माणसाच्या बायकोनं एवढ्या हालात शिक्षण घेतलं, आपण पोरीला कशाला अडवायचं? हे कापसाच्या जिनात कारकून, लिहिलेलं असेल तेच खरं मानणार. म्हणाले, "पुस्तकात हाय ना? मंग पान दाखव. सापडलं तं परतवाड्याले नाही म्हनून कळवतो." मी खुशीत वाचनालयातून तेच पुस्तक आणलं. काल ह्यांच्यासमोर उघडलं. बाई, साडेतीनशे पानांच्या पुस्तकात त्या बायकोची एकच ओळ निघाली: लग्न लहानपणी झालं, स्वभाव सोशिक होता. लेकरू नाही, नद्या नाहीत, परीक्षा नाही. मी पानं उलटत राहिले. हे पाहत होते.

तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पान कायले पायजे रे तुले? म्या डोयानं पाह्यलं हाय. हेच पोट्टी पायावर घेऊन तुही बायको नद्या म्हने, अन् पास झाली. तिच्या नद्यानं मले बी झोप लागे. तू तवा जिनात गासड्या मोजत होता!" ह्यांना हसू आवरेना. आज सकाळी परतवाड्याला नकाराचं कार्ड गेलं.

म्हणजे काम झालं. पण माझं मन कालपासून त्या एका ओळीपाशीच अडकलं आहे. पान मागणाऱ्या बाई आम्हाला खोटं वाचून दाखवतात? खूप राग आला. मग तुम्ही शिकवलंत तसं ओळीवर बोट ठेवलं. पुण्याकडच्या सुनेनं पेढी कशाला घोकावी? आपल्या अमरावतीजवळ भातकुलीकडची एवढीशी नदी, तिकडं तिचं नाव कोणाला ठाऊक? तुम्ही मात्र भातकुलीकडच्या. आणि एकदा शाळेच्या शिपाईणबाईचं लेकरू रडत होतं, तुम्ही त्याला पायांवर घेतलं आणि तुमच्या तोंडून अंगाई निघाली ती हीच, वर्धा, पूर्णा, पेढी. मला वाटलं होतं, बाईंना पुस्तक पाठ आहे. आता आठवतं, त्या अख्ख्या तासात तुम्ही एकही पान उलटलं नव्हतंत. "आणि ती परीक्षेला जाते," हे किती सरळ आवाजात वाचलंत! वाचलंत असंच अजून माझ्या हातून लिहिलं जातं. आणि मी सोयीसाठी गाळलं ते लेकरू तुमचं होतं.

आज संध्याकाळी पोरगी मैत्रिणीकडून आली. पुस्तक फडताळावर दिसलं तशी म्हणाली, "आई, आजी सांगते ती नद्यांची गोष्ट यातलीच ना? वाच ना." तिला खरं सांगायचं होतं. पण मी चष्मा लावला, पुस्तक मधोमध उघडलं आणि सुरुवात केली. या वेळी लेकरू गाळलं नाही. पोरगी रडत होती. माझं संपलं तशा सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "सापडलं वाट्टे पान."

मी पान उलटलं नव्हतं, बाई.