कात्रीने कापलेला दोरा

प्रिय लम्दुआन,

हो, लम्दुआनच. मालिकेच्या शेवटी भराभर नावं पळतात ना, त्यात तुझ्या जागी 'मिल्क' असं आलं आणि शेजारच्या प्रानोम मावशीने मला कोपराने ढोसून विचारलं, "हे दूध कोण गं?" काय सांगणार मी तिला, कपाळ? आम्ही तुझं नाव ठेवलं होतं ते देवळामागच्या झाडाच्या फुलावरून. बँकॉकच्या लोकांना ते गावंढळ वाटतं म्हणून तू दूध झालीस. हो बाई, हो. पण हे पत्र मी लम्दुआनलाच लिहितेय. दुधाचा काय भरवसा, ते नासतं.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू चार वाक्यं ऐकतेस, मग तुला कुणीतरी हाक मारतं आणि तू ठेवून देतेस. त्यातही बोलतेस ती बँकॉकची भाषा. माझ्याशी! जिने तुला पहिला घास भरवताना लाओ बोलीत 'आ कर' म्हटलं तिच्याशी. मी आपल्या बोलीत विचारते, जेवलीस का, आणि तू बातम्या देणाऱ्या बाईसारखं उत्तर देतेस. मला वाटायचं, शेजारी कुणी उभं असेल, लाजत असेल पोर. म्हणून आजवर गप्प बसले. आता नाही बसणार.

इकडची खबर म्हणशील तर भात कापून झाला. यंदा चिकट तांदूळ चांगला उतरलाय, दाणा टपोरा आहे. पाडेकचे दोन घडे भरून ठेवलेत, मासे छान मुरलेत. मागे एक बरणी पाठवली होती ती तू उघडलीच नाहीस, खोलीभर वास सुटतो म्हणून वॉचमनला देऊन टाकलीस. मला कसं कळलं? तो वॉचमन आपल्या रॉय एतकडचाच निघाला. त्याने घरी फोन करून सांगितलं की कुठल्यातरी नटीने सोनं दिलंय. बघ, कुणाला कशाची किंमत असते ते.

तर त्या संध्याकाळचं सांगते. मुखियाच्या घरी मोठा टीव्ही आहे म्हणून सगळे तिकडे जमलो. तुझ्या बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि कमरेला नवा चौकड्यांचा पंचा. सकाळपासून गावभर सांगत फिरत होते, "आमची पोर दिसणार आज." पोरंबाळं पुढे, म्हातारे मागे, मध्ये चिकट भाताच्या टोपल्या. आणि तू आलीस. आधी मी तुला ओळखलंच नाही. माझी एवढी नितळ रंगाची लेक, तिला काजळीसारखं काहीतरी फासून काळी केलेली, दोन दात काळे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मोलकरीण. का गं, त्या मालिकांत मोलकरीण नेहमी आपल्याकडचीच का असते? बँकॉकात कुणी आपलं डॉक्टर नाही, मास्तर नाही, दुकानदार नाही? आपल्या बोलीत तू तोंड उघडलंस की मागून हसण्याचा आवाज सोडलेला. इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडून आपली भाषा ऐकली, ती अशी.

तरी मी म्हटलं, असू दे, पोटासाठी करते. कामाला मी कधी हलकं म्हणत नाही. पण मग मालकीण आजारी पडते आणि तू तिचा जीव बोलवायला बसतेस. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडू, वर उकडलेलं अंडं, सगळं मांडलेलं. आणि तू ते अंडं उचलून खातेस! तोंडात घास घोळवत मंत्र म्हणतेस! तुझ्या त्या दिग्दर्शकाला ठाऊक नसेल तर सांग त्याला. माणूस घाबरला, आजारी पडला, परगावी गेला की त्याचा ख्वान, म्हणजे त्याच्या आतला जीव, वाटेत कुठेतरी रेंगाळतो. त्याला हाका मारून घरी आणावं लागतं, आणि आला की पुन्हा सुटू नये म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधावा लागतो. त्याला ठाऊक नव्हतं, ठीक. तुला ठाऊक होतं. गावात तुझे बाबाच तर हे काम करतात. तू त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत मोठी झालीस.

आणि केलीस ती नक्कल त्यांचीच. डोळे मिटण्याआधीचा तो खोकला. पंच्याने नाक पुसणं. आणि तो पडलेला उजवा खांदा! तो खांदा कुठे गेला हे विसरलीस का गं? बँकॉकच्या बांधकामावर, तुझ्या नाट्यशाळेची फी भरताना. परांचीवरून घसरले होते. तोच खांदा वाकडा करून तू चाललीस आणि सगळे हसले. मुखियाच्या घरातही हसले. आधी तुझे बाबाही हसले, लेकीचं कौतुक म्हणून. मग हळूहळू त्यांचा हात आपोआप त्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी बघत होते.

शेवटी तू मालकिणीच्या मनगटाला दोरा बांधलास. ती शी करून ओरडली, कात्री घेतली आणि खटकन कापला. कात्री! आपल्यात तीन दिवस दोरा काढत नाहीत आणि काढलाच तर गाठ सोडून काढतात, पातं कुणी लावत नाही. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तो दोरा दुकानातला नव्हता. दुकानातला गुळगुळीत असतो. तो जाडाभरडा, मध्येच फुगलेला, माझ्या हातचा पीळ होता. तू बँकॉकला निघालीस तेव्हा मी कातून दिला आणि बाबांनी तुला बांधला, तोच. तू तो एवढी वर्षं हातात ठेवलास, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याच क्षणी तो कापलेलाही दिसला. म्हणजे बरं वाटायलाही सवड नाही दिलीस तू.

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. प्रानोम मावशीच्या नातीचं लग्न होतं. बाबा जीव बोलवायला बसले, डोळे मिटले, खोकले. आणि मागच्या ओळीतून कुणीतरी तस्साच खोकला काढला, तुझ्यासारखा. खसखस पिकली. बाबा थांबले. पंचा उचलायला गेलेला हात खाली ठेवला. कसंबसं उरकलं, दोरे बांधले आणि जेवायलाही न थांबता घरी आले. त्यानंतर कुणीही बोलवायला आलं की म्हणतात, गळा बसलाय. गळा कसला बसतोय, म्हशीला हाका मारताना खणखणीत असतो. मुखिया येऊन गेला, देवळातले भिक्खू येऊन गेले. ऐकत नाहीत. आता आजूबाजूच्या गावातून माणूस आणायची वेळ आलीय. माझ्यासमोर बसलेला माणूस, ज्याने अर्ध्या गावाचा जीव परत आणला, तो स्वतःच जागेवर नाही. आणि त्याला हाका मारणारं दुसरं कोणी इथे नाही.

मी तुला शिव्या देणारं पत्र तेव्हाच लिहायला घेतलं होतं. मग परवा तुझा फोन आला. तू म्हणालीस, झोप लागत नाही, घास उतरत नाही, कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की पाठ केलेलं सगळं पुसून जातं, डॉक्टर म्हणतो काही झालेलं नाही. मी मनात म्हटलं, भोग आता. अगदी अस्संच म्हटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग तू रडत म्हणालीस, "आई, माझा ख्वान पळालाय गं. बाबांना सांग ना." आपल्या बोलीत म्हणालीस. मागे कुणी हसत नव्हतं.

मी फोन ठेवला आणि बाबांना सगळं ओकून टाकलं. म्हटलं, आता आठवण झाली बघा लाडकीला, खांदा वाकडा करून नाचली तेव्हा कुठे गेला होता ख्वान! ते उठले, पेटी उघडली आणि तुझा शाळेचा पांढरा ब्लाउज काढला. माणूस दूर असला की त्याच्या कपड्यावर जीव बोलावतात, हे तरी विसरली नसशील. सकाळी केळीची पानं कापून आणली. गावात कुणालाही न सांगता बसणार होते, पण पानं कापताना प्रानोम मावशीने पाहिलं, मग काय, अख्खं गाव ओसरीवर! लग्नात खोकणारी कार्टीसुद्धा आली, मान खाली घालून. बाबांनी डोळे मिटले, खोकले. कुणी हसलं नाही. "ये गं जीवा, रानात असशील तर रान सोडून ये, पाण्यात असशील तर पाणी सोडून ये," असं नेहमीचं म्हणून झालं आणि ते अडले. मग म्हणाले, "दिव्यांच्या झगमगाटात असशील तर दिवे विझायची वाट बघू नकोस, तशीच ये. कुणी रागावलेलं नाही."

हे मात्र खोटं. मी रागावलेय.

या पत्रासोबतच्या गाठोड्यात तो ब्लाउज आहे. बाह्यांना बांधलेत ते गावाचे दोरे, मोजत बसू नकोस. सगळ्यांत वरचा, उजव्या खांद्याजवळचा, बाबांचा. तीन दिवस उशाशी ठेव, म्हणजे झोप लागेल, असं त्यांनी सांगायला सांगितलंय. माझा दोरा त्यात शोधू नकोस, तो नाही. सगळे बांधत होते तेव्हा मी कातलेला दोरा हातात धरून उभी होते, बाबा माझ्याकडे बघत होते, तरी मी बांधला नाही. तो देवघराच्या खिळ्याला लटकवून ठेवलाय. रिकाम्या बाहीला नाही बांधायची मी. मला मनगट पाहिजे, आत माणूस असलेलं. आल्यावर आधी बाबांसमोर बस आणि त्यांना खोकताना नीट ऐक. मग माझ्याकडे ये, हात पुढे कर, आणि मी गाठ मारेपर्यंत जे काही बोलेन ते मुकाट्याने ऐकून घे. पुष्कळ बोलणार आहे.

भात कापलाय, घडा मुरलाय, कात्री मी लपवून ठेवलीय.

तुझीच, दोरा घेऊन वाट बघणारी,
आई