सकाळचा आकडा

७ सप्टेंबर, शुक्रवार
पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. बाजाराचा दिवस, बसमध्ये माणसांपेक्षा टोपल्या जास्त. ऑफिसात पोचले तर पात्रांव, म्हणजे आमचे मालक, माझ्या टेबलाशी उभे. गेल्या मोसमात आपल्या एका खनिज वाहणाऱ्या बार्जीचं इंजिन भर नदीत बसलं, बेअरिंग जळून. आता पुन्हा बांधलंय. डिझेलचा पंप नवा घ्यायचाच. वंगणतेलाचा घ्यायचा की नाही, ते मी कागद बघून सांगायचं.
"तुला वाचता येतं," म्हणाले. मराठीची एम. ए. शेवटी कुठेतरी लागली.
तेलाचा पंप चांगला निघाला तर बेअरिंग बाबनीमामांच्या हलगर्जीनं जळलं, असा अर्थ. मामा इंजिनाचे ड्रायव्हर, वेंगुर्ल्याचे. त्यांच्या जागेसाठी दुसऱ्या एका ड्रायव्हरचा अर्ज पात्रांवांच्या टेबलावर येऊन पडलाय.

८ सप्टेंबर
बार्जीची वही वाचली. तेलाचं प्रेशर दिवसातून चारदा लिहायचं. अख्खा मोसम: तीन, तीन, तीन, तीन. इंजिनाच्या पुस्तकात अडीच ते तीन हवं. म्हणजे पंप चांगला.
म्हणजे मामा.
लिहून दिलं नाही अजून.

१० सप्टेंबर
वास्कोच्या पंपवाल्या दुकानदाराचा फोन. "बाई, दोन्हीकडे एकच गियर पंप लावा. लहान, जोरात फिरणारा. सुटे भाग एकाच जातीचे ठेवायचे." मला जवळजवळ पटलं.
मामांना सांगितलं. ते इंजिनाखाली, फक्त पाय दिसत होते.
"बाय, पेज आणि पाणी एकाच घोटान पितंस काय गो?"
बाहेर आले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून फिरवून दाखवली. दात्यांमधल्या खाचेत तेल बसतं, कडेकडेनं पलीकडे जातं. डिझेल पातळ, फटीतून मागे पळतं. त्याला दाते घट्ट बसलेले हवेत. वंगण जाड, खाचेत शिरायला वेळ घेतं. त्याला पंप मोठा, सावकाश फिरणारा.
इतकी स्वच्छ वाक्यं कॉलेजात फार ऐकली नाहीत.

११ सप्टेंबर
वही पुन्हा काढली. चारही आकडे एका शाईचे, एका दाबाचे. एका बैठकीत लिहिलेले. पंपातलं नाही, पण हस्ताक्षरातलं मला कळतं.
मामांना विचारलं. हात पुसत म्हणाले,
"चारय रकाने सकाळीच भरतंव. सगळ्या बार्जींवर तसाच. मगे हात तेलकट असतत, वही खराब झाली की ऑफिस बोंबलता."
सकाळी तेल थंड, जाड. काटा तीनवर. आणि दुपारी, तापल्यावर?
"दीड. कधी एक."
"मग सांगितलं का नाहीत?"
"वहीत तीन लिवलेला. आता कोणाक सांगू?"

१३ सप्टेंबर
जुना पंप वर्कशॉपच्या मोटरला जोडला, तेलावर दाब यावा म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून. मामांचा डबा, माझं घड्याळ. थंड तेलानं डबा जवळजवळ पुस्तकातल्या वेळेत भरला. मग तेच तेल शेगडीवर तापवलं. दुप्पट वेळ गेला, डबा अर्धाच.
दाते झिजलेत. गरम तेल मागच्या मागे.
"बघ," मामा म्हणाले, "मी नाय, तो म्हातारो झालो."
मी हसले. नंतर लक्षात आलं. पंप झिजला हे सांगायचं, तर वही खोटी हेही सांगावं लागेल.

१४ सप्टेंबर
दोन मसुदे. एकात फक्त 'पंप जुना झाल्याने'. दुसऱ्यात सगळं. मामांना दोन्ही वाचून दाखवले.
"दुसरो दी. पण ता 'हलगर्जी' काढ. आळस लिव. आळस होतोच."

१५ सप्टेंबर
पात्रांवांनी दोनदा वाचलं.
"बाबनी, सात वर्षं मला तीन लिहून देतोस?"
"व्हय."
"आणि बाकीच्या दोन बार्जी?"
मामांनी वही मिटून ठेवली. मित्रांची नावं घेणार नाहीत. पात्रांवांनी त्याही वह्या मागवल्या. तीन, तीन, तीन, तीन. पात्रांव हसले, की खोकले.
दोन वेगळे पंप: मंजूर. मामांबद्दल: "एक खेप. मुरगाव बंदर आणि परत. मग बघतो."

२४ सप्टेंबर
नवे पंप बसवले. सुरू करण्याआधी मामांनी त्यांत तेल ओतलं, हातानं फिरवून घेतलं. कोरडे फिरले तर पहिल्या मिनिटातच दाते खरवडतात. नारळ त्यानंतर फोडला.

२६ सप्टेंबर
सुर्ल्याच्या खाणीचं खनिज भरलं. नवी वही मी आखून दिली. चारही रकान्यांवर वेळ घातली. वहीला सुतळीनं एक चिंधी बांधली, हात पुसायला.
बार्ज सुटताना मामा ओरडले, "बाय, काटो उतरलो तर उतरलेलोच लिवू?"
"उतरलेलाच!"
"आणि पात्रांव?"
इंजिनाचा आवाज वाढला.

२८ सप्टेंबर
बंदरात खाली व्हायला रांग. आपली बार्ज अजून तिथेच. परतणारी दुसरी बार्ज चालवणाऱ्या तांडेलाबरोबर मामांनी वहीचं पान पाठवलं.
सकाळी काटा तीनवर. दहाला पावणेतीन. दुपारी अडीच, आणि शेजारी अंगठ्याचा तेलकट ठसा.
पात्रांवांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा कोरा का?"
"पान फाडलं तेव्हा ती वेळ झाली नव्हती," मी म्हणाले.
त्यांनी टेबलावरची काच उचलून पान खाली सरकवलं. तिथे त्या दुसऱ्या ड्रायव्हरचा अर्ज होता. पान त्याच्यावर आलं.