दाजींनी बोलतं केलेलं घर

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे केवळ रीत म्हणून लिहिलेलं नाही. पत्राला बसण्यापूर्वी मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीला टेकलो होतो. टीव्हीच्या कपाटाखाली तुम्ही बसवलेली पांढरी डबी आहे ना, तिचा दिवा निळा आहे की लाल, ते बघत होतो. निळा होता. म्हणजे तिच्या मते आमचं सगळं ठीक चाललंय.) आपला गुडघा आता कसा आहे? ताईला जिना चढताना दम लागायचा, तो कमी झाला का? आमच्याकडची खुशाली विचाराल तर पडदे बरे आहेत, गीझर उत्तम आहे, पंखा मधूनच शिंकल्यासारखा करतो पण सावरेल. माणसांचं मात्र तितकंसं ठीक नाही. ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या अ‍ॅपमध्ये माणसांचं काही दिसत नाही.

मी तुमचे फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रुसलात, असं ताईने सौ.ला कळवलं. दाजी, जावयाला रुसायचा हक्कच आहे, पण या वेळी तो वाया घालवू नका. हल्ली दिवसभर माझा फोन घरी असतो आणि मी ऑफिसात. असं का, ते पुढे येईलच. शिवाय तुमच्या फोनना मी काय उत्तर द्यावं, हाही प्रश्न होताच. तुम्ही तिकडे बसून विचारता, दुपारी स्वयंपाकघरातला दिवा कुणी लावला होता? आज गीझर दोनदा चालू झाला, पाहुणे आलेत का? आता सौ.ने डोक्यावरून पाणी घेतलं हे मी बहिणीच्या नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू?

मला तो दिवस चांगला आठवतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तुमचे हात शिवशिवत होते, हे ताईने आधीच सावध करून सांगितलं होतं. पण विश्रांतीला म्हणून आलेल्या माणसाच्या बॅगेत दोन शर्ट आणि बाकी सगळे बल्ब निघतील, असं कुणाच्या मनात येईल? तुम्ही मला, सौ.ला आणि बाबांना सोफ्यावर ओळीने बसवलंत आणि समजावून सांगितलंत. मला ते आजही पाठ आहे. डबी ही घरातली कर्ती. पण तिचा आवाज बारीक, लांब पोचत नाही. म्हणून ती बैठकीतल्या दिव्याच्या कानात सांगते, बैठकीतला दिवा पॅसेजच्या दिव्याला सांगतो आणि पॅसेजचा दिवा मुख्य दाराच्या कुलपाला. कुलूप आणि घंटी बिचारी बॅटरीवर जगणारी, त्यांनी आपल्यापुरतं ऐकायचं. ज्यांना भिंतीतून फुकट वीज मिळते त्या दिव्यांनी मात्र इकडचं तिकडे करत बसायचं. (आमच्या ऑफिसची रचना अगदी हीच आहे.) वॉशिंग मशीनचा तोरा निराळा. ते डबीला ओळखही दाखवत नाही, त्याचं थेट राउटरशी. धुणं झालं हे दोन पावलांवरच्या दिव्याला कळवायचं तरी त्याचा निरोप आधी कुठल्याशा परमुलखातल्या कंपनीत जातो आणि तिथून परत आमच्या घरी येतो. बोलणं टाकलेल्या जावाजावा अशा वागतात. यंत्रांनाही हे सुचावं याचं मला कौतुक वाटलं होतं.

त्याच दिवशी तुम्ही ‘सध्यापुरतं’ म्हणून सगळं तुमच्या फोनवर जोडलंत. आणि सध्यापुरतंच गावी परत गेलात. तेव्हापासून अ‍ॅपच्या लेखी या घराचे मालक तुम्ही. मी आणि सौ. ‘पाहुणे’. पाहुण्याला दिवा लावता येतो, विझवता येतो, पडदा सरकवता येतो, पण घरात नवी वस्तू जोडता येत नाही. मला हे जरा लागलं. सौ.ला मुळीच नाही. ती म्हणाली, “इतकी वर्षं या घरात मी एकटीच पाहुणी होते. बरं झालं, आता सोबत झाली.”

आता बाबांकडे येतो. तुमच्या सासऱ्यांनी उभी हयात वाचनालयात काढली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण वाचनालय बंद कसं व्हायचं ते तुम्ही पाहिलेलं नाही, मी लहानपणी पाहिलंय. शेवटचा वाचक उठला की बाबा एका टोकापासून निघायचे. वर्तमानपत्रांचं दालन, टक. संदर्भग्रंथ, टक. बायकांची बाजू, टक. दालन मोकळं आहे याची मान वळवून खात्री करायची आणि मगच बटणाला हात लावायचा. एकदा एक म्हातारा वाचक कपाटाआड पेंगत होता, तर बाबा तो जागा होण्याची वाट बघत दिव्याखाली उभे राहिले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच फेरी घरी सुरू केली. संध्याकाळी चहा झाला की उठायचे. बैठक, पॅसेज, झोपायच्या दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. जिथे कुणी नाही तिथला दिवा बंद. आई होती तेव्हा ती मुद्दाम एखादा दिवा लावून ठेवायची, त्यांना सापडावा म्हणून.

तुम्ही बसवलेल्या घरात ही फेरी म्हणजे घातपात ठरेल, हे तुम्हालाही सुचलं नव्हतं आणि मलाही. त्या संध्याकाळी मी आणि सौ. एकदमच कामावरून आलो. (ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, आणि घरी आल्यावरही सवय लगेच मोडत नाही.) दारासमोर उभं राहून मी फोन काढला. फोन म्हणाला, कुलूप सापडत नाही. दाजी, कुलूप माझ्या नाकासमोर होतं. मी विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याचं काम करतो, पण जळालेलं घर डोळ्यांपुढे धुमसत असताना ‘घर सापडत नाही’ असं लिहायची माझीही अजून छाती झालेली नाही. सौ.ने तिचा फोन काढला. तिलाही सापडेना. घंटी दाबली, ती मुकी. किल्ली होती, ती आत खिळ्याला, तुम्हीच टांगलेली, ‘आता हिचं काय काम’ असं म्हणून. दार बडवलं, हाका मारल्या. समोरच्या दंतवैद्यांनी दार किलकिलं करून कुणाची दाढ दुखतेय ते बघितलं आणि लावून घेतलं. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही तिकडे स्क्रीन बघितलात आणि चोर सापडल्याच्या आनंदात ओरडलात, “अरे, पॅसेजचा दिवा बटणावरून बंद केलाय कुणीतरी! मधला निरोप्याच गेला, आता कुलपाला सांगणार कोण?” ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते तुम्हाला, मला, सौ.ला आणि बहुतेक दंतवैद्यांनाही कळलं होतं.

बाबा कुठे होते? बैठकीत, खुर्चीत. सगळं ऐकत होते. मी फटीला तोंड लावून “बाबा, हाताने उघडा” म्हणालो तेव्हा ते उठले, आणि दार उघडून जरा अपराधीपणेच म्हणाले, “मला वाटलं तुम्ही त्याला सांगताय उघडायला. जावईबापूंनी बजावलं होतं ना, दाराला हात लावायचा नाही, ते आपलं आपण उघडतं.”

फोन अजून चालूच होता. तुम्ही म्हणालात, “बाबांना सांग, बटणांना हात लावू नका म्हणावं.” दाजी, बाबांना अमुक करू नका असं आमच्या घरात आजवर कुणी सांगितलेलं नाही. मलाही जमलं नाही. म्हणून मी चिकटपट्टी आणली आणि एकेका बटणावर लावत सुटलो, म्हणजे तोंडाने बोलायला नको. तर बाबा माझ्या मागोमाग आले. रीळ त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि एकसारखे तुकडे कापून माझ्या हातात देऊ लागले. पुस्तकांच्या पाठीवर आयुष्यभर चिठ्ठ्या चिकटवलेला हात तो, एक तुकडा तिरपा नाही. पॅसेजमध्ये आल्यावर तेवढं विचारलं, “यालाही?” मी म्हणालो, “यालाही.” त्यांनी तुकडा कापून दिला.

त्या दिवसापासून कुलूप सापडतं. घंटी वाजते. तुमची साखळी एकदाही तुटलेली नाही. फक्त संध्याकाळी चहा झाला की बाबा उठतात, पॅसेजच्या तोंडापर्यंत जातात, मान वळवून बघतात आणि परत येऊन बसतात. मग मला विचारतात, “किती वाजले रे?” घड्याळ त्यांच्या समोरच असतं.

इथवर मी सोसलं असतं. पण एका सकाळी चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. दार उघडतो तो आत काळोख. पडदे ओढलेले, पंखा बंद, दिवे बंद, आणि काळोखात खुर्चीत बाबा, मांडीवर वर्तमानपत्र. मला बघून म्हणाले, “वीज गेलीय रे. हल्ली रोजच जाते, तुम्ही निघालात की. संध्याकाळी तुम्ही यायच्या वेळेला येते.” मी अ‍ॅप उघडलं. तुम्ही लावून दिलेला नियम होता तो. दोन्ही फोन घराबाहेर पडले की ‘घरी कोणी नाही’, आणि मग सगळं आपोआप बंद. बाबांकडे फोन नाही. म्हणजे घराच्या हिशेबी ते घरात नाहीतच. किती दिवस माणूस काळोखात वर्तमानपत्र धरून बसत होता, कुणास ठाऊक. मी चिडलोच. म्हटलं, “बाबा, उठून एक बटण तरी दाबून बघायचं!” ते म्हणाले, “पट्टी आहे ना त्याच्यावर.”

नियम पुसायला गेलो तर पाहुण्याला नियम पुसता येत नाही. म्हणून मी माझा फोन बाबांच्या खुर्चीजवळ ठेवून ऑफिसला जातो. तो वाजला की बाबा त्याच्याकडे बघतात, पण हात लावत नाहीत. यंत्राला हात लावायचा नाही, एवढं आता ते पक्कं शिकले आहेत. तेव्हा तुमच्या न उचललेल्या फोनमागे काही तुसडेपणा नव्हता, हे ताईलाही सांगा. साहेबांना वाटतं त्यांचे फोन टाळायलाच मी माझा घरी ठेवतो. वरचे साहेब मला ‘जुन्या वळणाचा’ म्हणू लागलेत. ज्याच्या घरात पडद्यालाही अक्कल आहे, तो मी.

असो. पत्र वाहवत गेलं. गुडघ्याला शेक देत जा, जिन्यावरून बल्ब बसवायला चढू नका, ताईला माझा नमस्कार.

आपला,
(आपल्याच घरातला) पाहुणा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. दुकानदाराने मला एक प्लग दिलाय. तो भिंतीत कायमचा खोचून ठेवायचा. त्याला बटण नाही, त्यामुळे कुणी बंदही करत नाही, आणि पॅसेजच्या दिव्याचं निरोप्याचं काम तो बिनबोभाट करतो म्हणे. चपलांच्या कपाटाशेजारी लावलाय. तेव्हापासून नुसता लुकलुकतोय आणि माझ्या फोनवर ‘मालकाची परवानगी हवी’ असं येतंय. तुमच्या फोनमध्ये कुठेतरी ती विनंती पडली असेल. तिथे ‘हो’ म्हणा, आणि फोन हातात आहेच तर ‘घरी कोणी नाही’ हा नियमही पुसून टाका. मग पॅसेजमध्ये मी साधा बल्ब लावीन आणि त्या एका बटणाची पट्टी काढीन. एकच बटण मागतोय, दाजी. बाकी सगळं घर तुमचंच राहू द्या.

ता. क. दुसरा : हे लिहीपर्यंत बाबा पाठीशी येऊन उभे राहिले. खांद्यावरून किती वाचलं, कळलं नाही. म्हणाले, “जावई एवढ्या हौसेने करून गेले. उत्तम चाललंय म्हणून लिही. दुसरं काही लिहून त्यांचं मन मोडू नकोस.” तेव्हा वरचं सगळं मी लिहिलंच नाही असं समजा. घर उत्तम चाललं आहे. (प्लगचं तेवढं लिहिलंय असं समजा.) जाता जाता बाबा एवढंच पुटपुटले, “एकच बटण?”

ता. क. तिसरा, पाकिटाच्या पाठीवर : पत्र टाकायला बाहेर पडलो, कोपऱ्यावर लक्षात आलं की तिकीट लावलेलंच नाही. परत आलो तर दार आपलं आपण बंद झालेलं. फोन नेहमीप्रमाणे आत, सौ. अजून यायची आहे. घंटी दाबली, मुकी. दाराखालच्या फटीत उजेड नाही. म्हटलं, पॅसेजचा दिवा गेला. दाराला कान लावला. आधी पट्टी सोलल्याचा आवाज आला, चर्र. मग टक. मग बाबांच्या चपला, सावकाश. मग थोडी शांतता, एवढी की मान वळवून बघता यावं. मग पुन्हा चर्र, आणि टक.

दार वाजवलं तर आता ते उघडतील, हे नक्की. वाजवतोच. पण जरा थांबून. स्वयंपाकघर अजून राहिलंय.