पुलाच्या दाराचं माप

हार्लोज लँडिंग, मेन
४ फेब्रुवारी १८५३

प्रिय असाहेलदादास,
लव्हिनाचा सा. न. वि. वि.

तुला बोलता छान येतं, म्हणूनच तुझी काळजी वाटते, असं बाबा तुला म्हणाले होते, आठवतं? तू तुझ्या पहिल्या जहाजाचा कणा मांडला होतास आणि कुऱ्हाड बाजूला ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला ते जहाज समजावून सांगत होतास. आपण सगळे हसलो होतो. काल एनॉस हातातला घास ठेवून पानावरून उठला, तेव्हा मला ते आठवलं.

झालं असं. रेल्वेच्या पुलासाठी गोठलेल्या नदीवरून दगड येऊ लागलेत. आपल्या गोदीच्या खालच्या अंगाला खांब उभे राहायचेत. जहाजांसाठी पुलात जे दार उघडणार, त्याचं माप एनॉस सहज इंजिनिअर बारस्टोला विचारून आला. दादा, गोदीत उभं असलेलं आपलं जहाज त्यातून जात नाही. दार दोन हात अरुंद पडतं. फासळ्या उभ्या आहेत, निम्म्या फळ्या चढल्यात. आता त्याला पोट आत घे म्हणून सांगता येत नाही. एनॉस म्हणतो, मेहुणे आमदार झाले आणि आपल्याला तळ्यात जहाज बांधायला लावलं.

या पुलासाठी तूच सभागृहात भाषण केलंस. बारस्टो म्हणतो, माप त्याला समितीकडून आलं. समितीला कुणी दिलं, तेवढं कळव. प्रकृतीला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लव्हिना

*

ऑगस्टा
९ फेब्रुवारी १८५३

प्रिय लव्हिनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माप मीच दिलं. समितीनं विचारलं, तुमच्या गोदीतून निघणारं सगळ्यात रुंद जहाज केवढं? मी स्वतः बांधलेलं शेवटचं जहाज डोळ्यांपुढे आलं. त्याचं माप सांगितलं, वर थोडी जागा सोडायला लावली. सगळ्यांनी बाकं वाजवली. म्हणाले, जहाजातला माणूस सभागृहात असला की असं काम होतं. मी गोदी सोडून तीन वर्षं झाली, तेवढ्यात तुम्ही त्याहून मोठं जहाज मांडलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. एनॉसनं लिहिलं असेल. त्याची पत्रं मी रविवारी निवांत वाचायची म्हणून ठेवतो आणि रविवारी लोक भेटायला येतात.

पण घाबरू नका. दार रुंद होईल. बारस्टोनं आकडा चुकीचा उतरवला असं मी सांगितलं, की समिती लगेच दुरुस्ती करील. मी चुकलो म्हणालो तर विरोधक नाचतील, की जहाज बांधणाऱ्यालाच जहाजाची रुंदी ठाऊक नाही! सप्टेंबरातल्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी माझं नाव घेताहेत, तुला कळलंच असेल. बारस्टो तरुण आहे, त्याला दुसरं काम मिळेल.

तुझ्या हातच्या काकवी घातलेल्या घेवड्याची फार आठवण येते. इथे सगळ्या ताटांना एकच चव. एनॉसला म्हणावं, राग असू दे, पण रुसवा नको.

तुझा भाऊ,
असाहेल

*

हार्लोज लँडिंग
१५ फेब्रुवारी १८५३

प्रिय असाहेलदादास,
लव्हिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र एनॉसला वाचून दाखवलं. तो म्हणाला, करू दे त्यांना काय करायचं ते, जहाज एकदा समुद्राला लागू दे. त्याला मी नावं ठेवत नाही. एवढ्या माणसांची चूल त्या जहाजावर पेटते.

पण शनिवारी बारस्टो आपल्याकडे जेवायला होता. बायको पोटुशी आहे, म्हणून तिला माहेरी सोडून आलाय. घेवडा त्यानं दोनदा मागून घेतला. बोलता बोलता म्हणाला, की माप पेंडेक्स्टरसाहेबांकडून, म्हणजे तुझ्याकडून, आलंय हे कळल्यावर त्यानं ते पुन्हा तपासलंसुद्धा नाही. कौतुकानं म्हणाला, दादा. मी भांड्याकडे बघत राहिले.

तू गेलास त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. वर्तमानपत्रात तुझं नाव आलं की शेजारणींना दाखवत हिंडले. एकदा येऊन जा, गोदी बघून जा, असं एका शब्दानं लिहिलं नाही. तुझ्या कामात आपली लुडबूड कशाला, असं वाटायचं. तेव्हा हट्ट धरायला हवा होता, असं आता सारखं मनात येतं.

लोभ आहेच, तो तुझ्या उत्तरावर टांगलेला नाही. तरी एक मागते. तू नाही म्हणशील, आणि तेही इतकं गोड लिहिशील की मलाच माझं मागणं जड वाटेल. तरी मागते. समितीपुढे उभा राहा आणि सांग, की चूक बारस्टोची नाही. माप मी दिलं, आणि मी फार दिवसांत घरी गेलो नव्हतो.

तुझी,
लव्हिना