माडाच्या मुळाशी मीठ

चामटोली,
दि. ९ एप्रिल २०२५

भावेश भावोजींना,

नमस्कार. घरी सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून हा कागद. अंबरनाथला तुमच्या दारात येऊन बोलले असते, पण त्या दारात पाय ठेवायची माझी इच्छा नाही.

परवा रिद्धीच्या हळदीत, नेमका डीजे थांबला तेव्हा, तुम्ही अख्ख्या मांडवाला ऐकवलंत, "बाबांचा माड वहिनीने मारला. अ‍ॅसिड ओतलंय मुळात. झाड गेलं की बांध सरकवायला मोकळी." माझ्या माहेरची माणसं समोर जेवत होती. हे मी विसरणार नाही. आपल्या दोन वाट्यांमधल्या बांधावरचं एक झाड मारून मी किती जमीन मिळवणार होते? फूटभर?

आता ऐका. बदलापूरच्या नर्सरीतल्या भीमरावांना मी झाड दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, खाली बसून माती उकरली, चिमूटभर जिभेला लावली आणि थुंकले. "मॅडम, मीठ किती टाकलंय यात? खालची एखादी झावळी तपकिरी झाली तर ते वयाने. इथे सगळ्याच टोकापासून करपल्यात. मुळाशी पाणी आहे, पण खारापायी झाडाला ते पिता येत नाही." आणि गेल्या महिन्यात माणूस लावून तुम्ही ज्या अर्ध्या हिरव्या झावळ्या तोडल्यात, त्या तोडायच्या नसतात. पूर्ण वाळेपर्यंत झाड त्यांतलं अन्न ओढून घेतं. तेवढाही आधार तुम्ही काढून घेतलात.

बाबा मिठागरावर वाढलेले. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, दोन ओंजळी खडे मीठ माडाला द्यायचे आणि वर भरपूर पाणी. ते गेल्यापासून दर रविवारी सकाळी तुम्ही पिशवी घेऊन येता, आमच्याकडे पाठ करून बसता आणि न बोलता निघून जाता. पिशवीत काय असतं ते मला ठाऊक आहे. बाबा जिवंत असताना त्यांच्यासाठी दोन तास नव्हते तुमच्याकडे, आता माडाला मीठ.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. एकदा बंद केलंही.

मीठ मीही घालत होते. दर अमावस्येला. तुमच्या आईंनी सांगितलं होतं, "सासऱ्याचा माड हाय, मीठ चुकवू नको गो." तुम्ही घालता हे दिसत असूनही मी घालत राहिले, कारण तुमच्या हातचं माझ्या लेखी घातलेलंच नव्हतं. जानेवारीत टोकं तपकिरी दिसायला लागली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी माझं बंद केलं. तुम्हाला सांगितलं नाही. उलट खिडकीतून तुमचे फोटो काढले, चार रविवार, पिशवीसकट. म्हटलं, झाड मेलं तर यांच्या तोंडावर मारीन. हळदीत मोबाईल माझ्या हातातच होता. दाखवला नाही, कारण तुमच्या दादांनी पहिलं हेच विचारलं असतं, बघत होतीस तर गप्प का बसलीस?

म्हणजे तुम्ही मांडवात बोललात ते खोटं होतं, पण सगळं खोटं नव्हतं. हे लिहिलं, तरी तुमच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

शेंड्यातली मिटलेली सुरळी अजून हिरवी आहे. ती गेली की माड संपला, त्याला दुसरा फुटवा नसतो. वरची खारी माती आम्ही काढली. आता आठ-दहा दिवस गोडं पाणी सावकाश सोडून खार खाली धुवायचा आहे. झाड सावरेपर्यंत खत नाही, कोयता नाही. पण बोअर तुमच्या वाट्यात आणि मोटरच्या पेटीला तुमचं कुलूप. मी नळाच्या बादल्या ओतते, त्याने वरवरची मातीच भिजते. आई ओट्यावर बसून रोज विचारतात, "सुरली हिरवी हाय ना गो?" मी हो म्हणते. अजून तरी ते खरं आहे.

रविवारची वाट पाहू नका. चावी घेऊन या, मोटर चालू करा, माझ्याशी बोलू नका. मी माफी मागत नाही, तुमचीही मला नको. आला नाहीत, तर आईंना मी सांगेन की माड आपण दोघांनी मिळून मारला. माझं नाव आधी घेईन. तुमचं घ्यायची वेळ आणू नका.

तुमच्या भावाची बायको,
करिष्मा